ढाप्यांमागे अडलेलं पाणी

साडेदहा वाजले तरी पाणी पुलाखाली आलं नव्हतं. माझ्या अंदाजाने ते नऊलाच यायला हवं होतं.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. धरणातून कोरड्या पात्रात पाणी सोडलं की त्याची पुढची कड माणसाच्या चालीहूनही हळू सरकते. तिला आम्ही पाण्याचं तोंड म्हणतो. आदल्या दिवसापासून मी मोटारसायकलवर त्या तोंडाच्या मागावर होतो. पाणी भोकरदन तालुक्यातल्या एका गावासाठी होतं. तिथली नदीकाठची विहीर आटली होती. धरणाचं गेट संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. फोनवर साहेबांकडे वाढीव वेळ मागितला. "सहा म्हणजे सहा," ते म्हणाले.

काठाकाठाने वर गेलो. दोन किलोमीटरवर बंधारा होता आणि त्याचे ढापे लावलेले होते. ढापे म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत बसवायचे लोखंडी पत्रे. ते काढले तरच पाणी पुढे जातं. ते काढून ठेवा, असं पत्र मी आठवड्यापूर्वी ग्रामपंचायतीत स्वतः नेऊन दिलं होतं. आता मागे कमरेइतकं पाणी चढलं होतं. काठावर मंडप, सतरंजी, खुर्च्या.

बंधाऱ्याच्या गावच्या सरपंच कमलबाईंचे यजमान ज्ञानोबा हसत पुढे आले. "चारला नेते येऊन राह्यले जलपूजनाला. फोटोत पाणी दिसाया नको का? मंग काढू ढापे."

चारपर्यंत थांबलो तर सहाला गेट बंद झाल्यावर मागून रेटा राहणार नव्हता, आणि पुढे जाणारं पाणी वाळूतच मुरणार होतं. तेवढ्यात खालच्या गावच्या त्या विहिरीवर पंप चालवणाऱ्या भीमरावचा फोन आला. बाया घागरी घेऊन पात्रात बसल्यात, त्यांना काय सांगू, असं तो विचारत होता. येतंय म्हणून सांग, म्हणालो. माझी मलाच खात्री नव्हती.

ढापे काढल्याच्या नोंदीवर सरपंचांची सही लागते. मी त्यांना बोलवायला सांगितलं.

"तिला काय इचारता? सगळं मीच बघतो," ज्ञानोबा म्हणाले.

कमलबाई मंडपामागे पूजेचं ताट लावत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी पत्राची प्रत दिली, ती सावकाश वाचली. मूळ पत्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. खाली किती घरं आहेत, एवढंच विचारलं.

"सही माझीच लागती ना, सायेब?"

"तुमचीच."

"मंग नारळबी मीच फोडते." यजमानांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या नेत्यांला ओली वाळू दाखवा. फोटोत बराबर येती."

मंडपातली माणसं हसली आणि कामाला लागली. वरचा ढापा साखळीने ओढून निघाला. खालचा गाळात रुतला होता. पहारी घातल्या, सहा जण लोंबकळले, आणि तो एकदम सुटला. पाणी गर्जत बाहेर पडलं, काठावरची एक खुर्ची घेऊनच गेलं. एकापाठोपाठ एक गाळा मोकळा झाला. लोक काठाने पळत सुटले. मी मोटारसायकलला किक मारली. प्रत्येक वळणावर थांबून पाण्याचं तोंड येईपर्यंत वाट बघत होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी ते पुलाखालून गेलं. मी नोंद केली.

सहाला धरणाचं गेट बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भीमरावचा फोन. "ऐका," एवढंच म्हणाला आणि फोन चालू पंपाजवळ धरला.

नेते साडेचारला आले होते. गाळ्यांतून वाहणाऱ्या घोट्याएवढ्या पाण्याची पूजा करून गेले.

अंतर, वेळ, मुरणारं पाणी, हे सगळं आम्ही आधीपासून हिशेबात धरत होतो. त्या वर्षी नियोजनाच्या तक्त्यात मी आणखी एक रकाना वाढवला: जलपूजन किती वाजता, कोणाच्या हस्ते.