फाट्यावर उतरल्याचा निरोप

ती तक्रार आठवली की जेवताना माझा हात आजही क्षणभर थांबतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपशील आता पुसट झालेत. ही तक्रार तर अर्जावरच मिटली, गुन्हाही दाखल झाला नाही. तरी विसरायला तयार नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि वस्ती मुद्दाम सांगत नाही.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमच्या ठाण्याची हद्द होती. भातकाढणीचे दिवस. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप उचलतोय, तोच एका पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, आमच्या वस्तीवर मेलेला माणूस मेसेज करतोय."

"पाटील, इतक्या सकाळी घेतलीत काय?"

"आईची आन, साहेब. लोकांनी देवऋषी सांगून ठेवलाय. तुमी लवकर बघा, न्हाईतर त्या घरातल्या सुनेचं कायतरी वाकडं व्हईल."

फोन ठेवला तर दारात त्याच घरातला थोरला मुलगा उभा. मंचरला राहायचा, भात काढायला सुटी टाकून गावी आलेला. धाकटा भाऊ मंचरजवळच्या एका कारखान्यात होता. मागच्या वर्षी कावीळ होऊन गेला. वस्तीवर आता फक्त आई आणि धाकट्याची विधवा बायको.

"संध्याकाळी आईचा फोन वाजतो, साहेब. वर माझ्या भावाचं नाव, त्याचा फोटो. खाली लिवल्यालं, 'आई, फाट्यावर उतरलो. तू जेवून घे. माझी वाट बघू नको.' आन आई उठून त्याचं ताट मांडती. त्याचंच, नाव घातल्यालं. कुणाला म्हून इचारलं, तर गप बसती. दोन दिस बघतोय. मग मी खळ्यावर राखणीला जातो, पर जीव लागत न्हाई." एवढं बोलून तो चांगला बाप्या माणूस माझ्यासमोर रडायला लागला.

"संशय कोणावर?"

"धाकटीवर. त्याचा फोन तिच्यापाशी असतो. ती घोडेगावला शिवणकामाला जाती. मेलेल्या लेकाच्या नावानं म्हातारीला बांधून ठेवलीय तिनं. मी ठरवलंय साहेब, खळं उरकलं की तिला मढला माहेरी धाडायची. आई येडी झाल्याली मला बघवायची न्हाई."

माझा एक अनुभव सांगतो. रडणारा तक्रारदार सहसा खोटं बोलत नाही, पण अर्धं पाहिलेलं पुरं पाहिलं असं समजून सांगतो. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी घ्यायचा, म्हणून तिच्या सुटीचा दिवस पाहून आमची महिला कॉन्स्टेबल सोबत घेतली आणि निघालो. फाट्यापर्यंत जीप, पुढे तासाभराची चढण. मध्येच फोनची रेंज जाते, वर वस्तीवर पुन्हा येते. बसचं तर विचारूच नका. आली तर आली.

अंगणात म्हातारी सुपाने भात पाखडत होती. सून आतून पाणी घेऊन आली. पंचविशीची असेल. थोरला दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"बाई, नवऱ्याच्या नावाने सासूला मेसेज तुम्ही पाठवता?"

"न्हाई साहेब. आत्याच्या गळ्याची आन." सासूला ती आत्या म्हणायची.

"फोन दाखवा."

तिने मुकाट्याने दिला. कॉन्स्टेबलने तपासला. नवऱ्याचं सिम केव्हाच बंद झालेलं, आत हिचं स्वतःचं. पाठवलेल्या मेसेजमध्ये तसला एकही मजकूर नाही. म्हातारीचा फोन पाहिला, त्यात मात्र रोजचा मेसेज होता. बाई खरं बोलत होती आणि तो फोनही खोटं बोलत नव्हता. मी जरा चिडलोच. असल्या वेळी आम्ही पोलीस आवाज चढवतो. आमची कॉन्स्टेबल माझ्याहून शहाणी, तिने हळूच विचारलं, "ताई, फाट्यावर उतरल्यावर फोनवर काय करता?"

"ह्ये बटण दाबते की." तिने पडद्यावरचा एक मोठा हिरवा चौकोन दाखवला. "ह्यांनी करून ठेवलंय. फाट्यावर रेंज आली आली म्हनंस्तोवर जाती, लिवत बसाय येळ कुठला? ह्ये दाबलं की आत्याला कळतं, मी उतरले."

कॉन्स्टेबलच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने मला समजावलं ते असं. हल्ली अ‍ॅप बनवायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. चौकोन ओढून, जागच्या जागी बसवून साधं अ‍ॅप तयार होतं. त्या पोराने कारखान्यात मशीन बंद पडल्याची खबर द्यायला तसंच एक केलं होतं. तेच घरासाठी केलं. बटण दाबलं की अ‍ॅपमध्ये नोंद होते, मधली एक सेवा पोस्टमनसारखी ती नोंद उचलते आणि मेसेजच्या अ‍ॅपवर त्याने आपलं नाव-फोटो लावून उघडलेल्या खात्यावरून ठरलेला मजकूर ठरलेल्या नंबरवर टाकते. माणसाने काही लिहायचं नाही. बटण कोणी दाबलं याच्याशी त्या पोस्टमनला देणंघेणं नाही. मजकूर त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेला, तोच जात राहिला.

"दाबून बघते," ती म्हणाली आणि दाबलं. सुपाशेजारी म्हातारीचा फोन वाजला. कॉन्स्टेबलने तो सुनेपुढे धरला.

हा मेसेज तिने कधी पाहिलाच नव्हता. तो यायचा तेव्हा ती चढणीला असायची. आता तिने वाचला. पुन्हा वाचला. मग त्या ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये तर ह्यांचं बोलणं हाय. साहेब, मी रोज ह्यांचंच बोलणं धाडत व्हते व्हय?"

थोरला मात्र अडून होता. "मेसेजचं कळलं. पर ताटाचं काय? आई, ते ताट कुणाचं?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"कुणाचं म्हंजी? हिचं. लेक माझा ह्या मांडीवर गेला, मला काय ठावं न्हाई? मला वाचाय येत न्हाई बाबा. फोन वाजला की ही उतरली, येवढं मला कळतं. ती चढ चढून येस्तोवर भाकरी भाजून व्हती. तू तवर खळ्यावर गेल्याला असतोस. दिसभर मशीन हाणून येती. हिनं का म्हून सगळ्यांच्या मागनं उरल्यालं खायाचं? त्याचं ताट मोकळं पडल्यालं, म्हून हिला दिलं."

"मग इचारलं तवा सांगायचं न्हाई?"

"तू हसला असतास. सासू सुनंला वाढती म्हून वस्तीनं नावं ठिवली असती."

आमच्याकडे सून शेवटी जेवते, ही इतकी मुरलेली रीत की तिच्यासाठी कोणी ताट मांडून वाट पाहील हे ना त्या भावाच्या मनात आलं, ना पाटलाच्या, ना माझ्या. मेलेला माणूस रोज जेवायला येतो, हे मात्र सगळ्या वस्तीला पटलं होतं! मला माझीच लाज वाटली आणि त्या म्हातारीबद्दल असं काही मन भरून आलं की मी उगाच टोपी काढून हातात घेतली.

थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायची त्या घरात रीत नव्हती. थोरला बाहेरच्या खळ्याकडे बघत म्हणाला, "मढला कुणीबी जायचं न्हाई. घर तिचं हाय."

कॉन्स्टेबलने विचारलं, मजकूर बदलायचा का. म्हातारी म्हणाली, "बदल गं बाय. त्याचा निरोप त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे. हिचा हिच्या नावानं येऊ दे." जुना मेसेज म्हातारीच्या फोनमध्ये तसाच जपून ठेवला. आम्हाला जेवल्याशिवाय तिने उठू दिलं नाही, आणि सुनेलाही आमच्याच पंगतीला बसवलं.

ठाण्यात येऊन सासू-सुनेचे जबाब अर्जाला लावले आणि 'तक्रारदाराचे समाधान झाले' म्हणून अर्ज निकाली काढला. देवऋषी परस्पर परत गेला. तेव्हापासून मी हाताखालच्या पोरांना एकच सांगत आलो: कोणाच्या घरात संशय घेऊन शिरलात, तर त्या घरात कोण कोणासाठी थांबतं हे आधी बघा. बाकीचं मागून विचारा.

एक गोष्ट मात्र जबाबात आली नाही. नवा मजकूर सुनेने स्वतः सांगितला आणि कॉन्स्टेबलने भरला. 'आत्या, मी फाट्यावर उतरले. तुमी जेवून घ्या.' नाव तिचं, फोटो तिचा. मी म्हटलं, "बाई, ते 'माझी वाट बघू नका' राहिलं की."

तिने पदराने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच हसली.

"ऱ्हायलं न्हाई साहेब. बघू द्या की त्यांना वाट."