कोटाच्या खिशातली पुडी

काल मुलाखतीला निघालेल्या लेकीच्या पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी ठेवताना माझा हात थबकला. ग्लासगोतलं, लोकांनी दान दिलेले जुने कपडे विकणारं, ते डांबरगोळ्यांच्या वासाचं चॅरिटी शॉप आठवलं. डॉक्टर असून ह्यांना वर्षभर नोकरी नव्हती. तिथे मुलाखतीसाठी काळा कोट मिळाला, अगदी नव्यासारखा, चार पौंडांत! मी हरखले.

"अहो, घालून तरी बघा!"

ह्यांनी खिशात हात घातला, तर मराठी कॅलेंडरच्या कागदात बांधलेली अंगाऱ्याची पुडी निघाली.

"आपल्यातलाच कुणीतरी. परत गेला असणार," हे म्हणाले.

देवाची वस्तू टाकवेना. मी तिच्याशेजारी घरून आणलेली आमची अंगाऱ्याची पुडी ठेवली.

सहा महिन्यांनी नोकरीविनाच भारतात परतताना कोट त्याच दुकानात दिला. दोन्ही पुड्या खिशातच राहिल्या. तिसऱ्याच्या हाताला लागल्या असतील.