नाहूरच्या चॅपेलमधला हौद

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमचं बौद्ध घर. वडिलांनी दाराला लिंबू-मिरचीसुद्धा लावू दिली नाही. त्यात मी प्लंबर. बावीस वर्षं मुलुंड-नाहूरमध्ये लोकांच्या भिंतींतलं लिकेज शोधतोय. पाणी कुठून येतं हे मला कळतं... असं वाटायचं.

नाहूर स्टेशनजवळ दोन टॉवरच्या मधे एक जुनं बाप्टिस्ट चॅपेल होतं. कारखान्यांत कामाला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी स्वतः दगड वाहून बांधलेलं. तेही पाडून टॉवर होणार होता. चर्चच्या मंडळीला त्याच टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर हॉल मिळणार होता. पाण्याच्या लाइनी बंद करायला पास्टरांनी मला बोलावलं.

"फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा हौद आहे," ते म्हणाले. "आमच्यात माणसाला पूर्ण पाण्यात बुडवतात. पण हा कित्येक वर्षं बंद आहे. कनेक्शनही तोडलंय."

फळ्या उचलल्या — हौद काठोकाठ भरलेला! पाणी इतकं स्वच्छ की तळाची फरशी दिसत होती.

पंप लावून उपसला. कुठे भेग नाही, पाइपाचं तोंड पक्कं बुजवलेलं. दुसऱ्या दिवशी परत फुल्ल. पुन्हा उपसला. तिसऱ्या दिवशी तेच. डोकं फिरलं माझं. पुन्हा रिकामा केला आणि दिवसभर समोर बसून राहिलो. एक थेंब नाही. संध्याकाळी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातले इंजिनीयर बघायला आले, त्यांना घ्यायला गेटपर्यंत गेलो. पाच मिनिटं, यार! परत आलो तर हौद भरलेला, आणि भोवतालची लादी कोरडी.

"तूच भरलास ना?" साहेब हसले आणि निघून गेले.

मी पंप आपटला. तेव्हा झाडू मारणाऱ्या रूथमावशी जवळ आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे.

"उपसू नको रे," त्या म्हणाल्या. "माझा बाप्तिस्मा राहिलाय."

"एवढी वर्षं इथे येता, आणि राहिला कसा?"

"नवरा घेऊ देईना. तो गेला तोवर हौद बंद झालेला. पास्टर म्हणाले, दुसऱ्या चर्चात करू. पण माझ्या आईनं इथे दगड वाहिले, तिचा बाप्तिस्मा ह्याच पाण्यात झाला. मला इथेच हवा होता."

रविवारी सकाळी पास्टरांनी त्यांना हौदात उतरवलं. पांढरी साडी, एका हातानं काठ धरलेला. पाण्यातून वर आल्या तेव्हा लहान मुलीसारख्या खळखळून हसत होत्या. मी मागच्या बाकावर बसून होतो. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

सोमवारी पंप घेऊन गेलो. हौद कोरडा ठणठणीत. तळाला धूळ!

"मावशी, पाणी कुणी काढलं?"

"कुणी नाही. माझं झालं ना आता."

"अहो, पण गेलं कुठे?"

त्या परत झाडायला लागल्या.

चॅपेल पाडलं त्या दिवशी मी मुद्दाम उभा होतो. जेसीबीवाल्याला हातापाया पडून हौदाखाली आणखी सहा फूट खणायला लावलं. कोरडा मुरूम. पाइप नाही, झरा नाही, ओल नाही. मूठभर मुरूम घरी आणून पेपरवर पसरून पाहिला — बायको म्हणाली, वेड लागलंय तुला.

लागलं असेल. या गोष्टीला वर्ष होत आलं. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा. फक्त 'जमिनीतलं पाणी असेल' असं म्हणू नका... मी खणून बघितलंय.