तांदळाचं पोतं टेबलावर

आमच्या घरातले सगळे स्विचबोर्ड छातीएवढ्या उंचीवर आहेत. फ्रिज विटांवर उभा आहे आणि सर्वांत खालच्या फळीवर आम्ही काहीच ठेवत नाही. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो. मग मी सांगते की उल्हास नदी पावसाळ्यात अधूनमधून आमच्याकडे येते. बदलापुरात नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहायचं तर तिच्याशी एवढा घरोबा ठेवावाच लागतो.

आमच्या मुलीला हे विनोद आवडत नाहीत. लग्न होऊन ती अमेरिकेत गेली. तिथे एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात तिचं घर आहे. गेली काही वर्षं तिने एकच धोशा लावला होता, की हे घर विका आणि एखाद्या नव्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहायला जा. यंदा दिवाळीत तर तिने तिकडून परस्पर एजंटच गाठला. रविवारी माणसं घर बघायला येणार असं ठरलं. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं एक बरं आहे, ज्याच्याशी बोलतील त्याचं त्यांना पटतं. मुलीचा फोन आला की घर विकावं म्हणतात आणि फोन ठेवला की मला म्हणतात, तू सांगशील तसं.

मला घर विकायचं नव्हतं. पण मुलगी म्हणायची, "आई, तिकडे पाऊस वाढला की इकडे मला झोप लागत नाही." आपल्या हट्टापायी लेकरू जागं राहतंय म्हटल्यावर माझ्यासारख्या भांडकुदळ बाईचंही तोंड बंद होतं. रविवार जवळ येत होता आणि माणसांना काय सांगायचं ते माझं ठरत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी मोड आलेले वाल सोलत बसले होते, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवला. तिच्याकडे नुकतीच सकाळ झाली होती.

"आई, हे बघ," म्हणत तिने घराचं दार आत ओढलं. दारापलीकडे अंगण नव्हतंच. कमरेच्याही वरपर्यंत पांढरी भिंत उभी होती आणि तिच्यावर दाराची नक्षी उमटली होती, साच्यातून शिऱ्याची मूद काढावी तशी. आमची चार वर्षांची नात त्या भिंतीत बोट खुपसून चाटत होती.

एवढा बर्फ तिच्याकडे एरवी डिसेंबर उलटल्यावर पडतो. यंदा नोव्हेंबरातच आला. झाडांची पानंही अजून गळली नव्हती, त्यामुळे त्या ओझ्याने फांद्या कडाकडा मोडत होत्या. तळ्याचं पाणी अजून कोमट असतं म्हणे. त्यावरून थंडगार वारा आला की तो ओल उचलतो आणि काठावर आणून बर्फ ओततो. तेही एखाद्या पट्ट्यातच, शेजारच्या गावात ऊन. हे मला लगेच कळलं. बदलापूर बुडायला आलेलं असताना अंबरनाथला रस्ते कोरडे ठणठणीत असतात, ते काय मी पाहिलेलं नाही?

जावई कामासाठी दुसऱ्या शहरात गेलेले, ते रस्ते बंद झाल्याने तिकडेच अडकले होते. म्हणजे घरात ही आणि ती चिमुरडी. मी लगेच सुरू झाले. "पिंप भरून ठेव. फोन चार्ज कर. दोन वेळचं एकदम शिजव. मेणबत्त्या हाताशी ठेव."

"आई, हा पूर नाहीये," ती वैतागून म्हणाली. "स्नो आहे. तो दारातून आत येत नाही."

तेवढ्यात वरची भाभी कढीपत्ता न्यायला आली. ही सिंधी बाई उल्हासनगरहून आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली, त्याला आता जमाना झाला. नदी आली की आमच्या गाद्या, धान्य, कागदपत्रं आणि आम्ही स्वतः, सगळे हिच्या घरी. मग दोन-तीन दिवस दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत तळलेल्या पुऱ्या. माझ्या मुलीने लहानपणी पुराची वाट पाहिली असेल तर ती त्या दाल-पकवानसाठी.

भाभीने चष्मा नाकावर सरकवून फोनमध्ये पाहिलं. "अरे बेटा, उसपे गरम पाणी ओत ना. पिघल जाएगा."

"भाभी, ते पाणी गोठून लगेच काच होते. मग मीच घसरून पडेन."

"फिर रेहने दे. खाना खाया?"

मुलगी हसली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने कढई दाखवली. कढईत पकवान तळलं जात होतं. भाभीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती मुलगी मी नव्हे, तिनेच जन्माला घातली.

मी मात्र कढईकडे पाहत नव्हते. तिच्या मागे जेवणाचं टेबल दिसत होतं. टेबलावर तांदळाचं मोठं पोतं ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी बूट आणि एक जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड घट्ट बांधलेली. तशीच पिशवी आमच्या कपाटावर असते, पासपोर्ट आणि घराच्या कागदांची. खालचा गालिचा गुंडाळून सोफ्यावर उभा केलेला. बर्फ दारातून आत येत नाही हे जिला पक्कं ठाऊक, तिने रात्रीतून सगळं घर उचलून वर ठेवलं होतं.

माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण मी ते गिळले आणि गुपचूप वाल सोलत राहिले. हे असं माझ्या हातून फार वेळा होत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोनच लागेना. ह्यांनी इतक्या वेळा फोन लावला की शेवटी मी तो काढून घेतला. मग त्यांनी अंगणात फेऱ्या घालायला सुरुवात केली. मी त्यांना ओरडले आणि मीही त्यांच्यामागे फेऱ्या घालू लागले. पावसाळ्यात आमचा फोन बंद पडतो तेव्हा तिकडे ती काय करत असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला लागून कळलं. दुपारचं जेवण आम्ही नावापुरतं केलं. भाभी दोनदा येऊन फोन लागला का विचारून गेली.

दिवेलागणीला फोन वाजला, तिचाच व्हिडिओ कॉल. मी हात पुसेपर्यंत तो ह्यांनीच उचलला.

वीज गेली होती, ती आत्ता आली. मायलेकींनी एकाच खोलीत, मी दिलेल्या गोधड्यांत रात्र काढली होती. त्याच गोधड्या, ज्यांचं विमानात वजन होतं म्हणून ती माझ्याशी भांडली होती. सकाळी समोरच्या म्हाताऱ्याने न बोलावता बर्फ हटवायचं यंत्र आणून दारापासून रस्त्यापर्यंत वाट करून दिली. तिने त्याला डब्यात दाल-पकवान दिलं. त्याने ते बर्फात उभ्या उभ्याच खाल्लं. सांगताना तिचा चेहरा नुसता फुलला होता.

ती सुखरूप आहे म्हटल्यावर मला राग आला. माझं असंच असतं. "दर वर्षीचा हा जाच. कशाला राहता अशा गावात? विका ते घर आणि जा कुठेतरी उबेला."

"काहीतरीच काय आई? चार दिवसांचा तर प्रश्न असतो. बाकी वर्षभर किती छान असतं इथे. आणि शेजारी आहेत ना. असे शेजारी दुसरीकडे कुठे मिळणार?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. हे शब्द त्यांनी याच खोलीत माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते की त्यांनाही ते पाठ होते. मी फोन जरा जवळ घेतला.

"बरं," मी म्हणाले. "मग ते तांदळाचं पोतं आता खाली उतरव."

तिने मागे वळून टेबलाकडे पाहिलं. पोतं, बूट, ती पिशवी, गालिचा, सगळं तिने एकदा नजरेखालून घातलं. मग वळली तेव्हा ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"आई," ती म्हणाली, "रविवारच्या माणसांना येऊ नका म्हणून मीच कळवते."