पोस्टात न पडलेली पत्रं

मोठ्या माणसांना पुन्हा शाळेत बसवणं हा माझा नोकरीभरचा उद्योग. लखनौच्या एका व्यवस्थापन संस्थेत मी नोकरदार अधिकाऱ्यांचे आठवडाभराचे अभ्यासक्रम सांभाळते. शिकवायला प्राध्यापक आहेत. खोल्या, हजेरी, चहा आणि रुसवेफुगवे माझ्याकडे. पन्नाशीचे साहेबही वर्गात शिरले की आधी मागचा बाक धरतात.

असे अभ्यासक्रम चालवणाऱ्यांची एक संघटना आहे. यंदा तिचं संमेलन लखनौला ठरलं आणि स्मरणिकेत या व्यवसायाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जाम खूश झाले. प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद सरकवायचे दिवस, ज्येष्ठतेप्रमाणे खुर्च्या लावून घेणारे साहेब, मग घरून बनियनवर कोट चढवून केलेले ऑनलाइन वर्ग, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. संघटनाही सुरुवातीला एकमेकांना जेवणाच्या तक्रारी ऐकवायलाच जमायची. नियमबियम मागाहून आले.

आमच्याकडे एक रिवाज आहे. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं स्वतःलाच पत्र लिहायचं, परत गेल्यावर मी काय बदलेन ते. पाकीट बंद करून वर आपला पत्ता घालायचा. सहा महिन्यांनी ती पोस्टात टाकायचं काम माझं. ‘आमचं एकही पत्र राहिलेलं नाही’ असं मी इतिहासात ऐटीत लिहूनही टाकलं होतं. मग जुने फोटो शोधायला कपाट उपसलं, तर मागे बावीस पाकिटांचा गठ्ठा. एकोणीस वर्षांपूर्वीची, माझी पहिली बॅच.

पत्रं टाकायच्या वेळी मी बाळंतपणाच्या रजेवर होते, आणि परत आल्यावर साफ विसरले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? ज्याच्यासाठी ती रजा घेतली तो मुलगा म्हणाला, “मम्मी, किसी को बताना मत. आ बैल मुझे मार हो जाएगा.” पण ते ऐटीतलं वाक्य काही मला झोपू देईना.

गठ्ठ्यात एक नाव ओळखीचं निघालं. रेल्वेतून निवृत्त झालेले मराठी इंजिनिअर, दरवर्षी गणपतीत भेटणारे. रविवारी सकाळी मी जानकीपुरमहून निघाले आणि अख्खं शहर ओलांडून तेलीबागला त्यांच्या घरी गेले. चूक सांगितली आणि मान खाली घालून पाकीट पुढे केलं.

त्यांनी चष्मा शोधेपर्यंत त्यांच्या बायकोनं ते फोडलंसुद्धा. आत दोनच ओळी होत्या. त्या तिनं मोठ्यानं वाचल्या. घरी गेल्यावर आधी बायकोचं ऐकून घेईन, मग ऑफिसचं सांगेन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, हे वेळेवर मिळालं असतं तर बरं झालं असतं.

इंजिनिअरसाहेब पाकीट उलटसुलट बघत होते. “अच्छा, पण मॅडम, पत्ता बघा ना. ऑफिसचा घातलाय मी. वेळेवर आलं असतं तर आमच्या बाबूनं फाइलला लावलं असतं. हिच्यापर्यंत कशाला पोचतंय?”

बायको म्हणाली, “आता ऐकतात हो. रिटायर झाल्यापासून दुसरं कोणी बोलायलाच नाही.” मग पत्र घडी करून तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. साहेबांनी मागितलं, तरी दिलं नाही. मला मात्र पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

येताना रिक्षात मी पिशवीतली बाकीची एकवीस पाकिटं पाहिली. सगळ्यांवर ऑफिसचाच पत्ता.

ते ऐटीतलं वाक्य खोडलं आणि त्या जागी घडलं तसं सगळं लिहिलं. संमेलनात मलाच उभं राहून वाचावं लागलं. सभागृह आधी हसलं, मग दोघंतिघं येऊन हळूच म्हणाले, आमच्याही कपाटात बघायला हवं.

आता नव्या बॅचला मी पाकिटावर घरचा पत्ता घालायला लावते. निम्म्या साहेबांना घरचा पिनकोड येत नाही. मग ते व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावतात, आणि पिनकोड मिळाला तरी बराच वेळ बोलत राहतात.