जागच्या जागी ठेवलेली पुस्तके

तेग्वेनबाईंच्या छातीवरच्या पट्टीवर 'ज्येष्ठ ग्रंथालय सहाय्यक' असे लिहिलेले असे. वेल्समधल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत त्या तरुणपणी लागल्या आणि तेथेच त्यांचे केस पिकले. सकाळी दारे उघडायची, आदल्या दिवशी परत आलेली पुस्तके ट्रॉलीवर क्रमाने लावायची, काउंटरवर कोणाची पाळी आहे ते ठरवायचे, आजारी पडलेल्याच्या जागी दुसरे माणूस उभे करायचे, सापडत नाही म्हणून सांगितलेले पुस्तक शोधून काढायचे, नव्याने आलेल्याला काम शिकवायचे, आणि छपाईच्या यंत्रात कागद अडकला तर तोही बाहेर ओढायचा, ही सगळी त्यांचीच जबाबदारी होती. खालच्या लोकांच्या चुकांबद्दल वरच्यांना उत्तर त्यांनी द्यायचे आणि वरच्यांच्या निर्णयांबद्दल वाचकांना उत्तरही त्यांनीच द्यायचे. निर्णय मात्र एकही त्यांच्या हातात नव्हता.

काउंटरवरची नेरिस हे फार थोडक्यात सांगत असे. "ताई, ज्येष्ठ म्हणजे काय, तर शिव्या आधी तुम्हाला. उरल्या तर आम्हाला."

"उरतात का गं कधी?" तेग्वेनबाई विचारत.

"कुठल्या! तुम्हीच सगळ्या संपवता."

तिसऱ्या मजल्यावर समुद्राकडे तोंड केलेली एक लांबट खोली होती. आसपासच्या दऱ्याखोऱ्यांची वेल्श भाषेतली पुस्तके तेथे ठेवलेली होती. प्रार्थनामंदिरांचे इतिहास, पाटीच्या दगडाच्या खाणीत राबलेल्या माणसांच्या आठवणी, गावोगावच्या कवींच्या लहान लहान चोपड्या. विद्यार्थी त्या खोलीत फारसे फिरकत नसत. परंतु दर गुरुवारी कूम हेलिगच्या दरीतून येणाऱ्या बसने चार-सहा म्हातारी माणसे उतरत, ओल्या टोप्या झटकत, आणि जिना चढून त्या खोलीत जाऊन बसत. त्यांत मायरिगकाका होते. त्यांनी आपले सगळे आयुष्य खाणीत दगड फोडण्यात घालवले होते. मॉर्विदमावशी होत्या. गावातले पोस्टाचे दुकान त्यांनी ते बंद होईपर्यंत चालवले होते. तेग्वेनबाईंची आई त्याच दरीतली, त्यामुळे ही माणसे त्यांना परकी नव्हती.

या माणसांची एक रीत होती. ज्याने पुस्तक काढले त्यानेच ते आपल्या हाताने परत जागेवर ठेवायचे. खाणीतल्या जेवणाच्या खोपटात पूर्वी पुस्तकांची एक फळी असे. तेथून पुस्तक घेऊन ते बाकावर तसेच टाकून उठणाऱ्याला सगळे जण नावे ठेवीत. आपले खरकटे दुसऱ्याने उचलावे तसे ते त्यांना वाटे. लायब्ररीतल्या प्रत्येक टेबलावर पाटी होती की वाचून झालेली पुस्तके कृपया टेबलावरच ठेवावीत. परंतु ती सूचना बेशिस्त विद्यार्थ्यांसाठी असावी, अशी गुरुवारच्या मंडळींची प्रामाणिक समजूत होती. ती उठून गेली की टेबले पुसल्यासारखी स्वच्छ असत आणि फळीवर एकही पुस्तक आडवे दिसत नसे. तेग्वेनबाईंना हे ठाऊक होते. हाताखाली माणसे कमी होती, त्यांचा स्वतःचा उजवा खांदा धरलेला होता, आणि एक खोली तरी आपोआप नीट राहते याचे त्यांना बरेच वाटे. त्यांनी कधी कोणाला टोकले नाही.

येथे त्या पाटीमागचे कारण सांगितले पाहिजे. टेबलावर राहिलेले प्रत्येक पुस्तक सहाय्यक लोक हातातल्या लहान यंत्राने टिपून घेत आणि मगच फळीवर लावत. पुस्तक घरी न नेता तेथेच बसून वाचले गेले, ही नोंद अशी होत असे. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ती होत नसे.

वसंत ऋतूत संग्रहविभागाचे प्रमुख हॅस्लम यांनी तेग्वेनबाईंना बोलावले. हॅस्लम इंग्लंडचे होते, पण येथे आल्यावर त्यांनी चिकाटीने वेल्श शिकली होती. ते मनाने चांगले होते.

"तेग्वेन, बसा. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली विद्यार्थ्यांना गटाने बसून अभ्यास करायला द्यायची ठरते आहे."

"आणि पुस्तकं?"

"दहा वर्षांत ज्यांना कोणी हात लावला नाही ती बाद करायची. समितीचा नियम आहे. त्या खोलीतली जवळपास सगळीच त्यात येतात."

तेग्वेनबाईंना प्रथम हसू आले. "साहेब, काहीतरी चुकतंय. ती दर गुरुवारी वाचली जातात."

"यंत्रात तसं दिसत नाही."

"यंत्रात कसं दिसेल? ते लोक स्वतःच जागेवर ठेवतात."

हॅस्लम यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "हे मी समितीला सांगेन. पण ते विचारतील की नोंद कुठे आहे. त्या वेळी मी काय दाखवू?"

त्यांनी खरोखरच सांगितले. उत्तर आले की समिती केवळ नोंदलेला वापर धरते. एक सवलत मात्र मिळाली. सत्र संपताना समिती पुन्हा बसणार होती, आणि तोपर्यंतच्या आठवड्यांत वापर दिसला तर खोलीचा फेरविचार होणार होता. तेग्वेनबाईंनी ती सवलत उराशी धरली. खोली वाचण्याचा तो एकच मार्ग होता.

पुढच्या गुरुवारी त्या स्वतः वर गेल्या आणि मंडळींपुढे उभ्या राहिल्या.

"काका, मावशी, माझं एक काम करायचं. आजपासून पुस्तकं परत ठेवायची नाहीत. टेबलावर सोडून जायची."

"सोडून?" मायरिगकाकांनी असे विचारले की जणू त्यांना बूट घालून पलंगावर झोपायला सांगितले होते.

"हो. मग मी ती मोजणार. मोजली नाहीत तर वरच्या लोकांना वाटतं, इथे कोणी वाचतच नाही. आणि मग ही खोली जाईल."

मॉर्विदमावशी म्हणाल्या, "अगं, मग त्यांना सांग की गुरुवारी वर येऊन बघा. डोळे आहेत ना त्यांना?"

"ते लांब बसतात, मावशी."

"लिफ्ट आहे की! आम्ही गुडघे दुखत असताना जिना चढून येतो, आणि त्यांना लिफ्टनं येववत नाही?"

"तू थांब, मॉर्विद," मायरिगकाका म्हणाले. "पोरगी सांगते आहे तसं करू. पोरी, पण उचलणार कोण एवढी सगळी?"

"मी आहे ना."

"त्या खांद्यानं?"

"खांद्याचं मी बघते. तुम्ही फक्त सोडून जा."

त्या दिवशी मंडळी निघाली तेव्हा पुस्तके टेबलावर होती. ती टाकलेली नव्हती. एकावर एक, कडेला कड लावून, विटांसारखी रचलेली होती. दारापर्यंत गेलेले मायरिगकाका दोनदा मागे वळून पाहत होते. मॉर्विदमावशींनी त्यांना बाहीला धरून ओढले. "चला आता. बस काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" तेग्वेनबाईंनी एकेक पुस्तक टिपले, एकेक जागेवर लावले, आणि घरी जाऊन खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसल्या. त्यांच्या मनात आशा होती.

त्यानंतरच्या गुरुवारी टेबलावर दोनच पुस्तके होती, आणि पुढच्या गुरुवारी एकही नव्हते. तेग्वेनबाई धावत खाली गेल्या तेव्हा मंडळी बसच्या थांब्यावर पावसात उभी होती.

"काका, हे काय केलंत? ठरलं होतं ना आपलं?"

मायरिगकाका अपराध्यासारखे पाहू लागले. "मागच्या वेळी शेवटचं पुस्तक वर चढवताना तू डाव्या हातानं उजवा हात उचलत होतीस. मी दाराच्या काचेतून पाहिलं. आणि मग मी असं टाकून निघून जाऊ?"

"अहो, पण मला तेच हवं आहे!"

"तुला हवं असेल गं. हात ऐकत नाही. तो आपला जातो फळीकडे."

"यांचं सोड," मॉर्विदमावशी म्हणाल्या, "मी तर ठरवून सोडलं होतं माझं. यांनीच माघारी जाऊन माझंही ठेवलं. खोली वाचवायला निघालाय म्हातारा!"

बस आली आणि ती माणसे चढून गेली. तेग्वेनबाई थांब्यावर भिजत राहिल्या. ज्यांच्यासाठी ही धडपड होती त्यांच्या मायेनेच ती हाणून पाडली होती, आणि त्या मायेवर रागावताही येत नव्हते.

नेरिसला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "ताई, एवढं कशाला? दारं उघडायच्या आधी वर जा, यंत्र घ्या, फळीवरच्या पुस्तकांना टकटक करून या. पुस्तकं काय साक्ष देणार आहेत?"

"ते खोटं होईल, नेरिस."

"कसलं खोटं? वाचतात ना ते लोक? मग खऱ्याचीच नोंद करताय तुम्ही. जरा उशिरानं, एवढंच."

तेग्वेनबाई कधी खोटी नोंद करणाऱ्या नव्हत्या. परंतु सत्र संपत आले होते आणि नेरिसचे बोलणे मनातून जात नव्हते. एका सकाळी, बाहेरच्या दारांची कुलुपे अजून उघडायची होती तेव्हा, त्या वर गेल्या. गुरुवारच्या मंडळींच्या हातात त्यांनी स्वतः पाहिलेली पुस्तके तेवढीच त्यांनी टिपली. एकही जास्त टिपले नाही. तसे त्यांनी आणखी काही सकाळी केले. प्रत्येक वेळी जिना उतरताना त्यांना वाटे की समोर कोणीतरी उभे आहे. समोर कोणीही नसे.

समितीच्या बैठकीनंतर हॅस्लम यांनी त्यांना बोलावून दार लावून घेतले.

"तेग्वेन, त्या यंत्रात कोणी टिपलं आणि केव्हा टिपलं तेही राहतं. हे तुम्हीच नव्या लोकांना शिकवता."

तेग्वेनबाई आपल्या छातीवरच्या पट्टीकडे पाहू लागल्या.

"दारं उघडण्यापूर्वीचा वापर. वाचक एकही आत नाही, आणि पुस्तकं वाचली जातात. एका सदस्याच्या लक्षात आलं. मग त्यांनी त्या खोलीच्या सगळ्याच नोंदी बाजूला काढल्या."

"पहिल्या गुरुवारच्या खऱ्या होत्या, साहेब. त्या मी भर दुपारी घेतल्यात."

"मला माहीत आहे. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, आता कोणती खरी आणि कोणती खोटी हे कोण सांगणार?" ते खिडकीकडे पाहत पुढे म्हणाले, "तुमच्यावर काही येणार नाही, एवढं मी पाहिलं आहे. खोली मात्र माझ्या हातून गेली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर तेग्वेनबाईंना काहीतरी उत्तर देता आले असते.

पुस्तके बाद करण्याचे कामही ज्येष्ठ सहाय्यकाचेच असते. पुस्तकाच्या पाठीवरची क्रमांकाची पट्टी खरवडायची, पहिल्या पानावर 'बाद' असा शिक्का मारायचा, आणि पेट्यांत भरायचे. प्रत्येकाची एक प्रत दूरच्या मोठ्या साठ्यात होती. मागणी केली तर तेथून पुस्तक येत असे, पण मागणी करण्यासाठी विद्यापीठाचे कार्ड लागे आणि ते गुरुवारच्या मंडळींकडे नव्हते. तेग्वेनबाईंनी विचारले की निदान ही पुस्तके दरीतल्या लोकांना देऊन टाकावीत. हॅस्लम यांनी धडपड करून तशी परवानगी आणली. तेग्वेनबाईंनी फोन केला तेव्हा मॉर्विदमावशी म्हणाल्या, "ठेवू कुठे, पोरी? प्रार्थनामंदिर विकलं. तिथे आता सुट्टीला येणारी माणसं राहतात. वेदीच्या जागी अंघोळीचा टब बसवलाय म्हणे. आणि गावच्या हॉलच्या भिंतींना हात लावला तर हात ओला होतो."

"तुमच्या घरी थोडी? काकांच्या घरी?"

"मी विचारलं त्यांना. म्हणाले, घरात आणलं तर ते माझं एकट्याचं होईल, मग ते वाचायचं कसं."

शेवटच्या गुरुवारी बसमधून मायरिगकाका एकटेच उतरले. खोलीत अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या आणि दाराशी पेट्यांची थप्पी होती. दुपारनंतर गाडी येणार होती. तेग्वेनबाई टेबलापाशी शिक्का घेऊन उभ्या होत्या. शिक्का लपवावा असे त्यांना वाटले, पण लपवायला जागा नव्हती.

"काम चालू दे तुझं," काका म्हणाले. त्यांनी टोपी काढली, उरलेल्या फळ्यांपुढून सावकाश चालत गेले, एक पुस्तक काढले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. थोड्या वेळाने मान वर न करता ते म्हणाले, "म्हणजे आम्हीच घालवली ना ही खोली? नीट ठेवून ठेवून?"

नाही, असे म्हणणे सोपे होते. तेग्वेनबाईंच्या ओठांवर ते आलेही होते.

"पाटी कशासाठी आहे ते मला ठाऊक होतं, काका. तुम्हाला सांगणं माझं काम होतं. खोली नीट राहते म्हणून मी गप्प बसले. आणि शेवटी जे केलं त्यानं उरलंसुरलंही गेलं."

"नेरिसनं सांगितलं मला." काकांनी बोट ओळीवर तसेच ठेवले होते. "तू असलं काही करशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं."

"आमच्यासाठी केलंस."

"त्यानं काय झालं, काका?"

काका पुन्हा वाचू लागले. तेग्वेनबाई एकेक पुस्तक उचलत राहिल्या, शिक्का मारत राहिल्या. शिक्क्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी खाली रुमाल घातला होता, तरी आवाज होतच होता. फळ्या रिकाम्या झाल्या. शेवटच्या पेटीत एका पुस्तकापुरती जागा उरली. खाली गाडीचा भोंगा वाजला आणि दोन हमाल जिना चढू लागले.

"वाचा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी थांबवते त्यांना."

"किती वेळ थांबवशील?"

काकांनी पान संपेपर्यंत वाचले. मग पुस्तक मिटले, बाहीने त्याचे कव्हर पुसले, आणि उठून तेग्वेनबाईंच्या हातात दिले. हमाल दारात येऊन उभे होते. तेग्वेनबाईंनी पहिले पान उघडले आणि शिक्का मारला.