निरवांगीतली पूर्वेची भिंत

गिलावा धरला की नाही हे आमचे मिस्त्री डोळ्यांनी ठरवत नसत. थापी उलटी धरायची, तिचा लाकडी दांडा भिंतीवर हलके आपटत जायचं आणि कान द्यायचा. आवाज भरीव आला तर पुढे सरकायचं. पोकळ आला तर विटेच्या तुकड्याने तिथे गोल करायचा. गोलातला गिलावा ज्याने लावला त्यानेच काढायचा. यावर वाद होत नसे.

त्यांच्याकडे मी दोन वर्षं बिगारी होतो. त्याआधी अकरा वर्षं बारामतीत एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात बातम्या लिहिल्या. कार्यालय बंद झालं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. रखडलेल्या इमारतींवर पुष्कळ लिहिलं होतं, वीट एकही उचलली नव्हती. मिस्त्री लासुर्ण्याचे, साठी ओलांडलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला पत्रकार म्हणत.

त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे न शिकवणं. बिगाऱ्याने वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेली द्यायची आणि बघायचं. वर्षा-दोन वर्षांनी चाचा एखादी भिंत दाखवून म्हणत, "ही तुमची." ती एकट्याने करायची. दांडा मारल्यावर भरीव निघाली की चाचा स्वतःजवळची एक जुनी थापी देत. त्या दिवसापासून तो माणूस मिस्त्री.

मला बघून कळत नव्हतं. मला प्रमाण हवं असे.

"चाचा, एका पाटीला पाणी किती?"

"माल मागंल तेवढं."

"मागतो म्हणजे कसं कळतं?"

"पत्रकार, पेपरात प्रश्न विचारून पगार मिळत आसंल. हितं घमेलं आणल्यावर मिळतो."

माल कालवणाऱ्या मावशी यावर हसायच्या. त्या चाचांकडे आठ वर्षं होत्या. त्यांच्या हातून माल कधी पातळ झाला नाही आणि त्यांनी कधी काही मोजलं नाही. मी वही ठेवली होती. वाळू किती, सिमेंट किती, ऊन कसं, गिलावा किती वेळाने आवळून घट्ट झाला, सगळं लिहीत होतो.

दुसऱ्या वर्षी चाचांनी सांगून टाकलं, की गुडघे साथ देत नाहीत, निरवांगी गावातल्या घराचं काम शेवटचं. मी आणखी दोन मिस्त्र्यांना विचारून पाहिलं. एकाने वय विचारलं आणि विषय बदलला. दुसऱ्याने वयही विचारलं नाही. म्हणजे निरवांगीत भिंत मिळाली नाही तर मी बिगारीच राहणार होतो.

घर उसाच्या रानात होतं. आतला गिलावा निम्मा झाल्यावर एका सकाळी चाचांनी हॉलची पूर्वेची भिंत दाखवली. "ही तुमची. मी पलीकडच्या खोलीत हाय. हाक मारायची न्हाय."

मी तयारीत होतो. सगळे टाकीतलं पाणी बादलीने अंदाजे घेत. मला ते चालणार नव्हतं. मालकाच्या शेडमध्ये एक निळा ड्रम पडला होता, तो विचारून आणला. दोनदा विसळला. तळाला काळा थर होता, तो डांबराचा समजून सोडून दिला. आतल्या बाजूला खडूने लिटरच्या खुणा केल्या. वहीत ज्या मालाची नोंद सर्वांत चांगली होती, त्याच प्रमाणात पाणी घेतलं. दुपारपर्यंत भिंत लावून झाली. पट्टी फिरवली, ओळंबा सोडला. दोरी वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर होती.

संध्याकाळी गिलावा ओला होता. सकाळीही ओला होता. त्या दुपारी मी नख लावलं, तर ते आत गेलं.

चाचांनी दांडा मारलाच नाही. अंगठ्याने एक ओरखडा ओढला आणि बोटं धोतराला पुसली. "सिमेंट कमी टाकलं."

"नाही चाचा. मोजून टाकलंय."

"मग पाणी जास्ती."

"तेही मोजलंय."

"मग तुमची मापं खरी आन भिंत खोटी. काढा."

भिंत मीच खरवडली. पलीकडच्या खोलीत त्याच पोत्यातलं सिमेंट आणि त्याच ढिगातली वाळू होती. तिथला गिलावा दुसऱ्याच दिवशी दगडासारखा झाला होता. त्यामुळे दोष हाताचा, यात कोणालाच शंका उरली नाही. मालक दारात येऊन म्हणाला, "चाचा, माझ्या घरावर शाळा भरवली व्हय?" चाचांनी खरवडलेल्या विटांवरून हात फिरवला. मला म्हणाले, "आजून एकदा."

दुसऱ्यांदा मी प्रत्येक माप दोनदा घेतलं. माल कालवायला मावशी होत्या, पाणी मी ड्रममधून ओतलं. त्या दिवशीची नोंद वहीत अजून आहे. हवा कोरडी, वारा नाही, वाळू बारीक, ड्रमच्या काठाला मुंग्या. मुंग्या मी पाहिल्या आणि लिहिल्या. वाक्य पूर्ण करून पुढच्या घमेल्याकडे वळलो.

दुसरा गिलावाही धरला नाही.

भिंतीसमोर सगळे उभे होते. मावशींनी पडलेला मऊ माल उचलला, बोटांत चुरला, मग ड्रमपाशी गेल्या. आत वाकल्या आणि तळाचा काळा थर नखाने उकरून जिभेला लावला.

"काकवी हाय," त्या म्हणाल्या.

मालक तिथेच होता. ड्रम गुऱ्हाळावरचा होता, दोन वर्षांपूर्वी त्यात काकवी भरून ठेवली होती, हे त्याने साधेपणाने सांगितलं. विसळून तळाचा थर जात नाही. तो रोज थोडा थोडा पाण्यात उतरत होता. गोड पाण्यात सिमेंट धरत नाही, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक बिगाऱ्याला ठाऊक असतं. उसाच्या रसाचं भांडं मालाजवळ कोणी येऊ देत नाही. मला ते ठाऊक नव्हतं, कारण मी ते कधी विचारलं नव्हतं. आणि न विचारलेलं सांगायची पद्धत नव्हती.

"मावशी, मुंग्या तुम्हाला दिसल्या नव्हत्या?"

"दिसल्या की. पण तुमी खुणा करून, मोजून वतत होता. म्हटलं, शिकल्याली माणसं, आसंल कायतरी."

मी चाचांकडे वळलो. हात चुकला नव्हता, भिंत ओळंब्यात होती, हे आता सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. मी तसं म्हणालो. बातमीत खुलासा मागावा तसंच म्हणालो असेन.

"हात बरा हाय," चाचा म्हणाले. "पण दोन डाव तो माल थापीवर घेतला तुमी. थापीला कसा चिकटतोय, भिंतीला कसा धरतोय, ते हाताला कळलं न्हाय. तुमी वहीकडं बघत होता."

"आता ड्रम बदलतो. एकदा द्या."

"मालक आता देत न्हाय. मीबी मागणार न्हाय."

ती भिंत चाचांनी लावली. माल मी दिला. गुडघ्यामुळे त्यांना परांचीवर दोनदा बसावं लागलं, तेव्हाही त्यांनी थापी खाली ठेवली नाही. मी शेजारी उभा होतो, हात रिकामे. भिंत दुसऱ्या दिवशी धरली. काम संपलं आणि चाचा लासुर्ण्याला गेले.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, गुडघ्याचं सांगितलं. थापीचं मी काढलं तेव्हा म्हणाले, "मागून मिळत आसती तर दुकानात जा. तुमच्या घराला भिंत न्हाय व्हय? लावा. सांगा मला. येतो."

बारामतीत मी भाड्याने राहतो. घरमालकाला विचारून मागच्या कुंपणाची भिंत गिलाव्याला घेतली. पाणी नळाचं घेतलं, मोजलं नाही. वही घरात ठेवली. चाचा एसटीने आले, काठी टेकत. दांडा मारत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. शेवटाला खाली, हाताच्या पंजाएवढ्या जागी थांबले. पुन्हा मारलं. विटेच्या तुकड्याने गोल केला.

"येवढं काढा. लावा. परत येतो."

मी त्याच दिवशी काढलं आणि लावलं. आठवडाभर पाणी मारलं. फोन केला तर त्यांच्या मुलाने उचलला. चाचांना आता जिना उतरवत नाही, एसटीचं तर नावच नको. डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय.

बाजारातून घेतलेली एक थापी माझ्याकडे आहे. तिचा दांडा मी त्या जागेवर मारतो आणि बाजूच्या जागेवर मारतो. दोन्हीकडे आवाज सारखाच येतो. दोन्ही भरीव आहेत की मला फरकच ऐकू येत नाही, हे सांगता येत नाही. सध्या एका साइटवर मी वाळू चाळतो.